फोटोखालची ओळ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. गेल्या सप्टेंबरात मी काढलेला कंदीलपुष्पाचा फोटो त्यांना आतल्या रंगीत पानांवर घ्यायचा होता. सोबत दहा-बारा ओळींचा मजकूर हवा होता. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि नेमकं कुठे काढलात तेही लिहा. वाचकांना जाऊन बघता येईल."

मी साताऱ्यात औषधांचं दुकान चालवते. रविवार आणि पावसाळ्यातल्या काही पहाटा, एवढाच माझा फोटोग्राफीचा वेळ. गेल्या चौदा वर्षांत माझे नऊ फोटो मासिकांत आणि दिवाळी अंकांत छापून आले. प्रत्येक अंकाची प्रत कपाटात जपून ठेवली आहे आणि त्या प्रत्येक पानाचा मला अभिमान आहे. तरी "नेमकं कुठे" या दोन शब्दांपाशी मी अडले. संध्याकाळी दुकान मुलावर सोपवलं, लॅपटॉप घेतला आणि भर पावसात सरांकडे गेले.

सरांनी मला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. १९९० साली आमच्या वर्गाला बामणोलीच्या एसटीने कासला नेणारे तेच. तेव्हा सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर, आमच्याखेरीज होती ती गुरं आणि एक गुराखी. सर आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी स्वतः तीस वर्षं कॅमेरा वापरला, पण १९८७ नंतर एकही फोटो कुठे पाठवला नाही.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोटो बराच वेळ जवळून पाहिला.

"नळीत माशी दिसते आहे."

"हो सर. मागून कोवळं ऊन येत होतं. नळी पातळ, म्हणून सावली उमटली."

"छान फोटो आहे. छापू नकोस."

ज्यांना हे फूल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंदीलपुष्पाला गावाकडे खरचुडी म्हणतात. फूल बोटाएवढं, वर कंदिलासारखी जाळी आणि खाली अरुंद नळी. वासाने ओढली गेलेली बारकी माशी नळीत उतरते. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे तिला परत वर चढता येत नाही. ती तळाशी घुटमळत राहते आणि परागांचे पुंज तिच्या अंगाला चिकटतात. पुढे केस सुकतात, फूल मान टाकतं, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलाकडे जाते. हे सगळं सरांनी आम्हाला फळ्यावर खडूने काढून शिकवलं होतं. मला ते प्रत्यक्ष दिसायला तीस वर्षं लागली.

"का नको?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे का नको ते. या झुडपाला जमिनीत कंद असतो. कंद उकरून खाणारे आहेत, आणि आता कुंडीत लावायला नेणारेही झालेत. एक फोटो, खाली जागेचं नाव, आणि पुढच्या सप्टेंबरात तिथे खड्डा. शिवाय तुमची फोटोवाली मंडळी. एकाने पाहिलं की चाळीस जण येतात, आणि चाळीसही जणांना तीच चौकट हवी असते."

"ठिकाण न देता छापला तर?"

"शोधतात. मागचा डोंगर ओळखतात, कातळ ओळखतात. कासचं काय झालं ते तू पाहिलंस."

पाहिलं होतं. जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांतली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पण गर्दी त्याआधीच सुरू झाली होती, आणि ती आणली होती तेरड्या-सोनकीच्या गालिच्यांच्या रंगीत फोटोंनी. जांभ्यावरची माती जेमतेम बोटभर असते. तिच्यावर माणसं बसली, लोळली. मग कुंपण आलं, तिकीट आलं, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आली. कुंपणामुळे गुरं आत जाईनाशी झाली, गवत माजलं, बारकी फुलं त्याखाली दबू लागली आणि अखेर कुंपणही काढावं लागलं.

"हे सगळं फोटोंनी केलं, असं तुमचं म्हणणं?"

"फोटोंनी रस्ता दाखवला. गाड्या लोक घेऊन आले."

"मग सर, चाळकेवाडीचं सांगा. तोही सडाच होता. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी कातळ फोडून रस्ते झाले. त्या सड्यावरचं एक तरी फूल त्याआधी कुणी मासिकात छापलं होतं? कोकणात चिऱ्यांच्या खाणींखाली किती सडे गेले, त्यांचे फोटो कुठे आहेत? कासची नासधूस झाली हे खरं. पण आज कासच्या वाटेवर पहारा आहे, आसपासच्या गावांची समिती आहे, पोरांना हंगामात काम आहे. लोकांना कास माहीत आहे, म्हणून हे झालं."

"चाळकेवाडीचे फोटो छापले असते तर चक्क्या थांबल्या असत्या?"

"नसत्या थांबल्या कदाचित. पण कुणीतरी विचारलं असतं, इथे काय होतं म्हणून."

सर गप्प झाले. आतून चहा आला. बाहेर पागोळ्यांचा आवाज वाढला होता.

मला तेव्हा जॉर्ज शिरास आठवले. अमेरिकेतले वकील, काही काळ तिथल्या संसदेचे सदस्य, फोटोग्राफी निव्वळ हौसेची. रात्री होडीत बसून तळ्याकाठी पाण्यावर आलेल्या हरणांचे फोटो ते काढायचे. नॅशनल जिऑग्राफिकने जुलै १९०६ च्या अंकात त्यांचे ७४ फोटो छापले. हे काय चित्रांचं पुस्तक करून ठेवलंय, असं म्हणून संस्थेच्या दोन संचालकांनी राजीनामे दिले. आज ते मासिक जगात कशासाठी ओळखलं जातं? फोटोंसाठी. आणि त्याची सुरुवात एका हौशी माणसाने केली.

सरांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "प्रकाशासाठी तो काय वापरायचा? स्फोटाची पूड. अंधारात धडाका झाल्यावर त्या हरणांचं काय होत असेल, हे त्या ७४ फोटोंत कुठे दिसतं? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. कायदा करणाऱ्याला जे कळलं, ते कॅमेरावाल्याला कळायला हवं. फोटो सुंदर आला म्हणजे तो काढताना कुणाला इजा झाली नाही, असं होत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असलंच तर ते माझ्याविरुद्ध जाणारं होतं. सहा वर्षांपूर्वी एका मासिकाला मुखपृष्ठासाठी सीतेची आसवं ही फुलं हवी होती. मी सड्यावर पोटावर पडून अर्धा तास फोटो काढले. उठले तेव्हा माझ्या कोपरांखाली गेंदाची वीस-पंचवीस रोपं चिखलात सपाट झालेली होती. मुखपृष्ठ छापून आलं, लोकांनी कौतुक केलं. ती सपाट झालेली जागा त्या चौकटीच्या एक वीत बाहेर होती. तेव्हापासून मी उघड्या कातळावर बसून, लांबून जेवढं मिळेल तेवढंच घेते. हे सरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

"आणि ते मुखपृष्ठ," ते थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्याकडे आहे. फुलं जांभळी छापली आहेत. सीतेची आसवं जांभळी आहेत का गं? निळ्यातून जांभळ्याकडे झुकणारी आहेत."

बरोबर होतं त्यांचं. चार शाईंच्या छपाईत हा निळसर जांभळा नीट उतरतच नाही. टोपली कारवीचंही तेच होतं. पडद्यावर पेटलेला दिसणारा रंग कागदावर मळकट होतो. छापून येणाऱ्या फोटोला आणखीही बंधनं असतात. फोनवर देखणा दिसणारा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो मासिकाच्या कागदावर साडेआठ सेंटिमीटरांत संपतो. पूर्ण पान भरायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. जोडपानावर घेतला तर मधल्या शिवणीत फुलाचा देठ गडप होतो. मुखपृष्ठाला वर अंकाच्या नावासाठी मोकळं आभाळ सोडावं लागतं. ही बंधनं मला आवडतात. ती पाळताना फोटोकडे दहा वेळा बघावं लागतं, आणि दहाव्या वेळी काही तरी वेगळं दिसतं. नळीतली ती माशी मला सड्यावर दिसलीच नव्हती. छपाईसाठी फोटो मोठा करून तपासताना दिसली.

"रंगाचं सोड," सर म्हणाले. "निवडीचं बोल. तुझे नऊ फोटो छापले. त्यांत गालिचे किती?"

"चार."

"नुसता कातळ?"

"एकही नाही."

"मे महिन्यातला तापलेला, काळा पडलेला कातळ. जूनमध्ये त्याच्या खळग्यांत साचणारं पाणी. त्या पाण्यात वायतुरा येतो, सह्याद्रीच्या बाहेर कुठेही न मिळणारा. तो कातळ नसेल तर फूल नाही. पण कातळ कुणी छापत नाही. मग लोकांना वाटतं सडा म्हणजे फुलांची बाग, आणि उरलेले दहा महिने ती पडीक जमीन. पडीक म्हटली की तिचं काहीही करता येतं. हे तुमच्या मासिकांनी शिकवलं."

सरांच्या सगळ्या बोलण्यातलं हे मला सर्वांत खरं वाटलं, आणि आजही वाटतं. आम्ही हौशी लोक संपादकाला आवडेल तेच पाठवतो. आम्ही पाठवतो तेच संपादक छापतो. यात कातळाची बाजू मांडणारं कुणी उरत नाही.

पण मासिकाची दुसरी बाजूही आहे आणि ती मी लावून धरली. एकदा मी एका कवल्याच्या जातीचं नाव चुकीचं लिहून फोटो पाठवला. संपादकांनी तो वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवला, चूक निघाली, नाव बदलून छापलं. तोच फोटो त्याआधी आठ महिने मोबाइलवर फिरत होता. शेकडो लोकांनी वाहवा केली, चूक एकानेही काढली नाही. मोठ्या स्पर्धांतही हेच घडलं आहे. लंडनच्या वन्यजीव फोटोग्राफीच्या स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस मिळालेला, फाटकावरून उडी मारणारा लांडगा माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि बक्षीस काढून घेतलं. त्याच स्पर्धेत २०१७ साली निवडलेल्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असल्याचं परीक्षकांनी ठरवलं आणि पुढच्या वर्षी तोही बाद झाला. फसवणूक झाली हे वाईटच. पण कुणीतरी शंका घेतली, तपासलं आणि जाहीरपणे सांगितलं. छापणारा जबाबदार असतो, म्हणून काढणाऱ्यालाही जबाबदार राहावं लागतं. कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्या, तारीख द्या, प्राणी मोकळा होता का सांगा, असं विचारणारी जागा हौशी माणसाला दुसरी कोणती आहे?

"पैसे देतात का?" सरांनी अचानक विचारलं.

"थोडं मानधन देतात. मी मागून घेते."

"हौसेचं मोल मागावं?"

"मागावं, सर. माझं पोट दुकानावर चालतं. पण ज्याचं पोट कॅमेऱ्यावर चालतं, त्याचं काम माझ्या फुकट फोटोने जातं. आणि फुकट दिलेल्या फोटोची किंमत घेणाऱ्यालाही राहत नाही."

सर उठले आणि आतून एक कार्ड घेऊन आले. रजिस्टर पोस्टाची जुनी पोचपावती होती. १९८७ साली त्यांनी एका मासिकाला चोवीस स्लाइड्स पाठवल्या होत्या, मूळच्या, कारण स्लाइडची नक्कल चांगली निघत नसे. तीन छापल्या गेल्या, एकीखाली नाव दुसऱ्याचंच आलं. एकही परत आली नाही. चार पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं सर तत्त्व म्हणून छापत नाहीत. तत्त्व होतंच, पण त्याच्या तळाशी ही पावती होती.

मी त्यांना सांगितलं की आता मूळ प्रत आपल्याकडेच राहते, आणि कायदाही माहीत असलेला बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढणाराच असतो. हा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षं धरली जाते. म्हणून मी प्रत्येक वेळी दोन ओळींचं पत्र पाठवते: एकाच अंकात, एकदाच छापण्यासाठी, फोटोखाली नाव हवं. एकाही संपादकाने आजवर नाही म्हटलेलं नाही.

"बाकीच्या स्लाइड्स कुठे आहेत, सर?"

"ट्रंकेत. माळ्यावर."

"बघू या?"

ते नको म्हणत होते, पण मी स्टुलावर चढले. पत्र्याची ट्रंक, आत प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येक डबीवर सरांच्या सुबक अक्षरात गाव, तारीख, वनस्पतीचं नाव. पहिली स्लाइड दिव्यासमोर धरली आणि माझा हात तसाच राहिला. चित्रावर पांढुरक्या तंतूंची जाळी पसरली होती. बुरशी. साताऱ्याचा पाऊस चाळीस वर्षं त्या डब्यांत शिरत होता. दुसरी तशीच. तिसरीत निळा रंग शाबूत होता, कडा खाल्लेल्या.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सरांकडे तिच्या लागोपाठ तीन बहरांच्या स्लाइड्स होत्या, एकाच जागी उभं राहून काढलेल्या. पहिल्या बहराच्या सगळ्या गेल्या होत्या. सात वर्षांची नोंद उरली होती, तीही अर्धीमुर्धी. आणि एक स्लाइड होती जूनमधल्या कातळाची: ओला, काळा, खळग्यांत आभाळ, दूरवर तीन गुरं. एकही फूल नाही, एकही माणूस नाही, कुंपण नाही, डांबर नाही. तो सडा आता तसा कुणालाही दिसणार नाही.

"सर, हे छापलं असतंत तर..." मी बोलून गेले, आणि लगेच वाटलं बोलायला नको होतं.

"छापलं असतं तर गर्दी दहा वर्षं आधी आली असती," ते म्हणाले. मग बुरशी लागलेली ती स्लाइड हातात घेऊन बराच वेळ बसले. "पण हे असंही जायला नको होतं."

रात्री साडेनऊला आम्ही दोघांनी मिळून फोटोखालची ओळ लिहिली. सरांना 'सातारा जिल्हा'सुद्धा नको होतं. मला तेवढं तरी हवं होतं, कारण साताऱ्याच्या माणसाला कळायला हवं की हे आपल्याकडे आहे. शेवटी ओळ अशी झाली: "कंदीलपुष्प. जांभ्याचा सडा, सातारा जिल्हा, सप्टेंबर. नळीत माशी अडकलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुटून गेली होती." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले होते. तेच झुडूप, तेच फूल, मान टाकलेलं आणि रिकामं. मागचा डोंगर ओळखू येऊ नये म्हणून चौकट कापून लहान केली. फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेले अक्षांश-रेखांश पुसून टाकले. खरी जागा एका वेगळ्या कागदावर लिहिली आणि फोटोच्या प्रतीसोबत विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांकडे पाठवली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती लावून जपल्या आहेत. जागा कळायचीच असेल तर ती अशा लोकांना कळावी.

सरांचं मत बदललं नाही. निघताना दारात ते म्हणाले, "मी असतो तर दिला नसता." मी म्हटलं, "मला माहीत आहे, सर." मात्र कातळाची ती स्लाइड त्यांनी पाकिटात घालून माझ्याकडे दिली. मी ती साफ करून घेतली, स्कॅन केली आणि संपादकांना सोबत पाठवली. दोन्ही फोटो समोरासमोरच्या पानांवर छापणार असाल तरच माझा फोटो छापा, असं पत्रात लिहिलं. कातळाच्या फोटोखाली सरांचं नाव, गाव आणि साल आहे. संपादकांनी होकार कळवला आहे.

त्या ट्रंकेतल्या ६१२ स्लाइड्सपैकी २३७ वाचल्या. आमच्या पिढीच्या आधी हौसेने डोंगर, पक्षी, फुलं टिपणारी माणसं गावोगावी होती: शिक्षक, डॉक्टर, पोस्टमास्तर, वनरक्षक. त्यांच्या पेट्या अजून माळ्यांवर आहेत. तुमच्या घरात तशी पेटी असेल तर पुढचा पावसाळा यायच्या आत ती उघडा, स्लाइड्स दिव्यासमोर धरा, आणि ज्यांनी त्या काढल्या ते हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून प्रत्येकीखालची ओळ लिहून घ्या.